स्वरांची सात आश्चर्ये

२००७ साली जगातील ‘नवी सात आश्चर्ये’ निवडण्याचा मोठा घाट घालण्यात आला होता. दूरध्वनी, एसएमएस आणि इंटरनेट यांद्वारे मते मागवली गेली. ताजमहाल यादीतून वगळला जाऊ नये म्हणून आपल्याकडेही संदेशांचा पाऊस पडला आणि तो यादीत आला तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मतांच्या संख्येने एखाद्या वास्तूची उंची वाढते किंवा घटते काय, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कुणाला पडला नाही. पुढे हीच रीत गाण्यातही रुजली. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दहा-बारा वर्षांची मुले गाऊ लागली, परीक्षक गुण देऊ लागले, प्रेक्षक संदेश पाठवू लागले आणि दर हंगामाला एकेक ‘महागायक’ जन्माला येऊ लागला. पुढच्या हंगामात त्याचे काय होते, याची चौकशी मात्र कुणी करीत नाही.

अशा काळात अभिजात संगीतातील सर्वकालीन आश्चर्यांची यादी करावयाची, तर आधी कसोटी ठरवणे भाग आहे. माझ्यापुरत्या मी तीन कसोट्या मानल्या आहेत. पहिली, पन्नास वेळा ऐकूनही ज्याचे नवल ओसरत नाही ते आश्चर्य. दुसरी, ज्याने स्वतः मोठे होता होता मागून येणाऱ्यांसाठी वाट करून ठेवली ते आश्चर्य. आणि तिसरी, ज्याच्या पाठीशी तपश्चर्येची पुंजी आहे ते आश्चर्य. केवळ वेगवान तान अथवा दमसासाची कसरत यांत बसत नाही. या कसोट्यांवर घासून मी सात नोंदी निवडल्या. त्या निवडताना एक गोष्ट मला पुन:पुन्हा जाणवत गेली. ती ओघाने येईलच.

देवगिरीचा रत्नाकर

पहिले आश्चर्य ग्रंथरूप आहे. तेराव्या शतकात यादवराजा सिंघणाच्या पदरी देवगिरीस शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा दक्षिणेत येऊन स्थिरावले. राज्याच्या जमाखर्चाचा भार वाहणाऱ्या या माणसाने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ रचला. स्वर, राग, प्रबंध, ताल, वाद्ये आणि नृत्य अशी संगीताची सारी अंगे त्यात आली. हिंदुस्थानी आणि कर्नाटक हे दोन्ही प्रवाह आजही ज्याला प्रमाण मानतात, असा हा ग्रंथ आपल्या महाराष्ट्रात लिहिला गेला आणि पंधराव्या शतकात त्यावर विजयनगरच्या कल्लिनाथाने टीका लिहिली. काश्मीर, देवगिरी, विजयनगर! या देशाचे सांस्कृतिक ऐक्य सिद्ध करण्यासाठी याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

बावीस श्रुती समजावताना शार्ङ्गदेव बावीस तारांच्या दोन वीणा घेतो. एक ध्रुव, म्हणजे अचल, दुसरी चल. प्रत्येक तार आधीच्या तारेहून इतकीच चढी लावायची, की त्या दोहोंमध्ये तिसरा नाद मावू नये. ते मावते की नाही हे ठरवणार कोण? त्या काळी मोजमापाचे यंत्र नव्हते. निवाडा कानाचाच. सिंघणानंतर शतक उलटण्याच्या आत खिलजीच्या स्वाऱ्यांपुढे यादवांचे राज्य लयाला गेले. ग्रंथ मात्र टिकला.

लाहोरची शाळा

१८७२ साली कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णू दिगंबर पलुसकरांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली. वडील कीर्तनकार, पण डोळ्यांमुळे शिक्षण खुंटले आणि मुलगा मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागला. ग्वाल्हेरची गायकी कष्टाने मिळवून महाराष्ट्रात आणणारे ते हेच बुवा. शिक्षण झाले, संस्थानचा आश्रय होता, आयुष्य सुखात गेले असते. परंतु गवयाची कला ऐकायची आणि गवयाला मात्र पंगतीत बसवायचे नाही, ही समाजाची रीत त्या तरुणाला सलत होती. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. गावोगाव हिंडत, तिकिटे लावून जाहीर जलसे करीत ते उत्तरेकडे गेले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले.

राजाश्रयावाचून, लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या गाण्याच्या कमाईवर चालणारी संगीताची शाळा! ठरावीक अभ्यासक्रम, छापील पुस्तके, स्वरलिपी, सामुदायिक प्रार्थना. नऊ-नऊ वर्षे आपल्याजवळ ठेवून, फुकट खाऊपिऊ घालून पंडितजींनी शिष्य तयार केले. त्या उपदेशक वर्गातून निघालेल्या तरुणांनी पुढे देशभर विद्यालये उघडली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही त्यांतली ठळक नावे. १९०८ मध्ये मुंबईत विद्यालय निघाले. इमारत उभी राहिली, कर्ज वाढले आणि अखेर त्या इमारतीचा लिलाव झाला. पंडितजी खचले नाहीत. त्यांचा जोर विटांवर नव्हताच.

१९२३ च्या काकीनाडा काँग्रेस अधिवेशनात पंडितजी ‘वंदे मातरम्’ गाण्यास उभे राहिले, तेव्हा अध्यक्षस्थानी असलेल्या मौलाना महंमद अलींनी हरकत घेतली. व्यासपीठावर मोठमोठे नेते होते. पंडितजी थांबले नाहीत. त्यांनी गीत पूर्ण केले. राष्ट्राच्या मानबिंदूवर तडजोडीची भाषा सुरू झाली, त्या दिवशी एका दृष्टी अधू झालेल्या गवयाला पुढचे स्वच्छ दिसत होते. ज्या लाहोरात त्यांनी शाळा काढली ते शहर १९४७ मध्ये परके झाले. त्यांच्या शिष्यांची परंपरा मात्र देशभर पसरलेली होती.

पंडितजींचे समकालीन विष्णू नारायण भातखंडे यांनी वकिली बाजूला ठेवून उस्तादांच्या कंठातील हजारो बंदिशी कागदावर उतरवल्या आणि रागांची दहा थाटांत मांडणी केली. या दोन विष्णूंच्या मार्गांत आणि मतांत अंतर होते. परंतु दोघांचे लक्ष्य एकच होते. मूठभर गुणीजनांची विद्या सर्वसामान्य घरांतील मुलाबाळांपर्यंत पोचावी. गाणारे थोडेच होतील, पण ऐकणारे घरोघर तयार व्हावेत, हा तो ध्यास होता. तानसेनांच्या आधी कानसेन!

तीन मिनिटांची तबकडी

पलुसकर ज्या वर्षी जन्मले त्याच वर्षी उत्तर प्रदेशातील कैरानात अब्दुल करीम खाँसाहेबांचा जन्म झाला. त्यांची कर्मभूमी महाराष्ट्र. १९१३ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले आणि पुढे मिरज हेच त्यांचे घर झाले. श्रुतींच्या सूक्ष्म अभ्यासात त्यांनी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांना साहाय्य केले. दक्षिणेत जाऊन कर्नाटक संगीत ऐकले, आत्मसात केले आणि त्यागराजांची खरहरप्रिया रागातील रामाची कृती तबकडीवर गाऊन ठेवली. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीच्या वाटेवर प्रकृती बिघडली, म्हणून ते एका लहानशा रेल्वे स्थानकावर उतरले. तिथेच फलाटावर तानपुरा जुळवून त्यांनी दरबारीच्या स्वरांत प्रार्थना केली आणि देह ठेवला.

त्या काळच्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. तास-दीड तास राग उलगडणाऱ्या कलावंताने तीन मिनिटांत काय सांगावे? खाँसाहेबांच्या झिंझोटीतील ठुमरीच्या तबकडीने काय केले ते ऐका. गदगला एका दुकानात वाजणारी ती तबकडी एका शाळकरी मुलाने ऐकली आणि त्याला दुसरे काही सुचेना. १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, तो गुरूच्या शोधात घरातून निघाला. ग्वाल्हेर, कोलकाता अशी भटकंती करीत जालंधरला पोचला. तिथे त्याला विनायकराव पटवर्धन भेटले. त्यांनी सांगितले की, तुझ्या घराजवळच कुंदगोळला सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. सवाई गंधर्व खाँसाहेबांचेच शिष्य! पलुसकरांच्या शिष्याने दाखवलेल्या वाटेने तो मुलगा करीम खाँसाहेबांच्या परंपरेत दाखल झाला.

तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. पुढे १९५३ पासून गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला, संतवाणीने पंढरीचा अभंग मैफलीत आला आणि २००८ मध्ये ‘भारतरत्न’ घोषित झाले. आकाशातून वीज कोसळावी तसा हा चमत्कार घडला नाही. एका बाजूस सिद्ध गळा होता, दुसऱ्या बाजूस तयार कान होता आणि मध्ये एक साधे दुकान होते.

आईचा तानपुरा

गोव्यातील कुर्डीच्या मोगूबाई नाटक कंपनीत वाढल्या. आजारपणामुळे त्या सांगलीस मुक्कामाला असता रोज नेमाने रियाज करीत. जयपूर-अत्रौली घराण्याचे अध्वर्यू अल्लादिया खाँसाहेबही तेव्हा सांगलीत होते. रस्त्याने जाताना तो आवाज त्यांच्या कानी पडे. एक दिवस ते आपणहून घरात आले आणि शिकवू लागले. ते कोण आहेत हे त्या मुलीला ठाऊकही नव्हते. एवढा मोठा गवई रस्त्यावर थबकतो आणि अनोळखी मुलीचा सूर ऐकतो, तिथेच पुढच्या दोन पिढ्यांचे गाणे निश्चित झाले.

मोगूबाईंना अकाली वैधव्य आले. तीन मुलांचा सांभाळ करीत त्यांनी गाणे राखले आणि थोरल्या लेकीला दिले. आईचे शिकवणे कडक होते. कौतुक नाही, घाई नाही. आई गाईल ते मुलीने गायचे. किशोरीताई आमोणकरांना ऐन तारुण्यात काही काळ आवाजाने दगा दिला. त्या दिवसांत त्यांनी मनातल्या मनात गाणे चालू ठेवले, त्याचा विचार केला, आणि आवाज परतला तेव्हा गाणेही पालटले होते.

माझ्या यादीतील चौथे आश्चर्य म्हणजे किशोरीताईंचा भूप. पाचच स्वर: सा, रे, ग, प, ध. संगीताच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी शिकतो तो राग. हेच पाच स्वर देशकारातही आहेत. परंतु भूप सायंकाळचा, गांधारावर विसावणारा; देशकार सकाळचा, धैवताने उजळणारा. स्वर तेच आणि राग दोन! हे कागदावर लिहून पटत नाही. ‘सहेला रे’ ही बंदिश शांतपणे ऐकली, की गांधार म्हणजे काय ते कळते. आपल्या घोषपथकात वंशीवर भूप वाजवणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाने हा भूप एकदा तरी अथपासून इतिपर्यंत ऐकावा. आपण जे वाजवतो त्याचे मूळ किती खोल आहे, याची जाणीव होईल.

अंतराळातील भैरवी

अल्लादिया खाँसाहेबांच्या दुसऱ्या शिष्या केसरबाई केरकर, गोव्यातील केरीच्या. खाँसाहेबांची तालीम मिळावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे प्रयत्न केले आणि मिळाल्यावर गुरूच्या निधनापर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत, शिकत राहिल्या. ‘सुरश्री’ ही उपाधी त्यांना मिळाली. त्या ध्वनिमुद्रणाबाबत फार काटेकोर होत्या. त्यामुळे त्यांचे गाणे आज मोजकेच उपलब्ध आहे.

१९७७ मध्ये अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ ही दोन याने सूर्यमालेच्या बाहेर जाण्यासाठी सोडली. अन्य कुठे बुद्धिमान जीव असतील तर त्यांना पृथ्वीची ओळख पटावी, म्हणून त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवली. साऱ्या मानवजातीच्या संगीतातून अवघ्या सत्तावीस रचना निवडायच्या होत्या. बाख, मोझार्ट, बेथोवन यांच्या जोडीला भारताची म्हणून एकच रचना निवडली गेली, ती केसरबाईंची भैरवी ‘जात कहाँ हो’. लांबी सुमारे साडेतीन मिनिटे. ती सुचवली रॉबर्ट ब्राऊन या अमेरिकी संगीत-अभ्यासकाने. तबकडी बाजारातून नाहीशी झालेली होती. ती न्यूयॉर्कमधील एका भारतीय दुकानातून हुडकून काढावी लागली. त्यांतले ‘व्हॉयेजर-१’ हे यान ५ सप्टेंबरला उडाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. ते यान २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. मैफल संपवणारी भैरवी आज ताऱ्यांमधील पोकळीतून प्रवास करीत आहे!

अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण तिला एक बोचरी बाजूही आहे. जगाचे संगीत पालथे घालणाऱ्या परदेशी अभ्यासकाला जी भैरवी ठाऊक होती, ती आपल्यापैकी किती घरांत ठाऊक होती? शिवाय, मोगूबाई आणि केसरबाई गोव्याच्या ज्या कलावंत समाजातून आल्या, त्या समाजातील स्त्रियांचे गाणे आम्हांला हवे होते, त्यांना मान मात्र द्यायचा नव्हता. आईला जिथे तिथे मिळणारी वागणूक किशोरीताईंनी बालपणी पाहिली होती. म्हणूनच कलावंताच्या मानाविषयी त्या आयुष्यभर कठोर राहिल्या. त्यांना ‘तऱ्हेवाईक’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी चुकता करावा. समरसतेची भाषा आपण बोलतो, ती मैफलीच्या दारापाशी थांबता कामा नये.

देवासचे आजारपण

बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा शिवपुत्र कोमकली बालवयातच मोठमोठ्या गवयांची हुबेहूब नक्कल करी. लोकांनी त्याला ‘कुमार गंधर्व’ केले. पलुसकरांचे शिष्य देवधर मास्तर यांच्याकडे मुंबईत त्याची तालीम झाली. नाव झाले, मागणी आली आणि क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी १९४८ च्या सुमारास कुमारजी माळव्यात देवासला आले. एक फुफ्फुस निकामी झाले. डॉक्टरांनी गाण्यास सक्त मनाई केली. चोविशीच्या गवयासाठी ही शिक्षा किती भयंकर!

पाचेक वर्षे अंथरुणात काढताना कुमारजींनी एकच काम केले, ऐकले. खिडकीबाहेरून जाणाऱ्या बायकांची लोकगीते, ऋतूंची गाणी, कबिराची पदे आळवणारे नाथपंथी जोगी. तीन-चार स्वरांत घोळणाऱ्या त्या धुनांत त्यांना रागांची बीजे दिसली. बरे होऊन ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा एका फुफ्फुसाला झेपतील अशा लहान, धारदार स्वरावली त्यांच्या गाण्यात आल्या होत्या. दुबळेपणाचीच शैली झाली होती. लोकधुनांतून उगम पावलेले नवे राग आले. १९६५ मध्ये ‘अनुपरागविलास’ प्रसिद्ध झाला. निर्गुणी भजनांनी तर शिकल्यासवरल्या शहरी माणसाला कबिराच्या दारात नेऊन उभे केले.

घराण्यांच्या शिस्तीत वाढलेल्यांना कुमारजींचे गाणे रुचले नाही, वाद झाले. वाद व्हावेत, ते जिवंतपणाचे लक्षण आहे. पण शास्त्र आणि लोक यांचे नाते तुटलेले नाही, वनवासी पाड्यावरची धून आणि मैफलीतील राग एकाच मातीतले आहेत, हे त्यांनी सिद्ध केले. आपली संस्कृती वरून खाली झिरपलेली आहे असे मानणाऱ्यांना हे कायमचे उत्तर आहे.

बालाजीच्या देवळातील सनई

सातवे आश्चर्य आपल्या प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी येऊन गेले आहे. सनई हे दारात, नौबतखान्यात वाजणारे वाद्य. देवाची काकड आरती असो वा लेकीची बिदाई, वादक नेहमी उंबऱ्याबाहेर. डुमरावला १९१६ मध्ये जन्मलेले बिस्मिल्ला खाँ काशीला मामांकडे शिकले. मामा अली बख्श काशीविश्वनाथाच्या मंदिरात सनईची सेवा करीत. भाच्याचा रियाज चाले तो गंगाकाठच्या बालाजी मंदिरात. तिथून उठून त्यांनी सनईला मैफलीच्या बैठकीवर नेऊन बसवले. १९४७ मध्ये स्वातंत्र्याच्या उत्सवात लाल किल्ल्यावर त्यांची सनई वाजली. २००१ मध्ये ते ‘भारतरत्न’ झाले. परदेशी स्थायिक होण्याचे आमंत्रण आले असता, तिथे माझी गंगा कुठून आणाल, असे त्यांनी विचारल्याचे सांगतात.

आज आपल्या मंगलकार्यांतून सनई जवळजवळ हद्दपार झाली आहे. फार तर कार्यालयाच्या ध्वनिक्षेपकावर मुद्रित सनई लावतात आणि वरातीपुढे डीजेच्या भिंती उभ्या राहतात. छातीत धडकी भरवणाऱ्या त्या आवाजात अक्षता टाकताना ‘आपली संस्कृती’ या विषयावर बोलण्याचा आपल्याला कितपत अधिकार उरतो, याचा प्रत्येक घराने विचार करावा.

यादीतील नावे

ही यादी वाचून काही उत्साही मित्र विचारतील की, राष्ट्रीय विचारांच्या साप्ताहिकात अब्दुल करीम, अल्लादिया, बिस्मिल्ला ही नावे कशासाठी? प्रश्न आडून विचारला जातो, म्हणून उत्तर सरळ देतो. उपासनापद्धती बदलल्याने संस्कृती बदलत नाही, हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. त्याची जिवंत उदाहरणे समोर असताना त्यांच्याकडे पाठ फिरवणे हा आपल्याच सिद्धांताचा पराभव ठरेल. आपल्या घराण्याचे मूळ एका ब्राह्मण पूर्वजाकडे जाते, असे अल्लादिया खाँसाहेबांनी आपल्या आठवणींत अभिमानाने सांगितले आहे. त्यागराजांचा राम करीम खाँसाहेबांच्या कंठातून उमटला आणि बालाजीच्या देवळात बिस्मिल्लांचा रियाज झाला. काकीनाड्याला ‘वंदे मातरम्’ला आक्षेप घेणारे एक नेते होते, त्याच काळात सरस्वतीची उपासना करणारे हे उस्तादही होते. आपण कुणाला प्रातिनिधिक मानायचे? माझे उत्तर स्पष्ट आहे. ही नावे जो वगळील तो आपलाच वारसा कापून टाकील.

दुसऱ्या बाजूने, कलेला देश नसतो, मुळे नसतात, असे सांगणाऱ्यांनाही ही सात आश्चर्ये निरुत्तर करतात. गंगेवाचून ती सनई नाही, माळव्यावाचून ते निर्गुण नाही, गुरुपरंपरेवाचून तो भूप नाही. व्हॉयेजरवरील भैरवी विश्वाच्या पसाऱ्यात गेली, ती केरीची आणि भारताची म्हणूनच गेली.

आता आपली यादी

बालगंधर्व कुठे, मल्लिकार्जुन मन्सूर कुठे, वसंतराव देशपांडे, गंगूबाई हनगल, मैहरचे बाबा अल्लाउद्दीन खाँ, रविशंकर कुठे, असे वाचक विचारतील. विचारलेच पाहिजे. ही माझी यादी आहे. आपली वेगळी असावी. फक्त ती नावांवरून न करता ऐकून करावी, एवढेच मागणे.

आरंभी म्हटलेली, पुन:पुन्हा जाणवणारी गोष्ट ती हीच. या सातही आश्चर्यांच्या मुळाशी एक ऐकणारा कान आहे. दोन वीणांमधील सूक्ष्म अंतर टिपणारा शार्ङ्गदेव. श्रोता घडावा म्हणून झिजलेले पलुसकर. दुकानापाशी खिळलेला गदगचा मुलगा. सांगलीच्या रस्त्यावर थबकलेले खाँसाहेब. विस्मृतीत गेलेली भैरवी आठवणारा अभ्यासक. अंथरुणावर पडून माळवा ऐकणारे कुमारजी. मामांची सनई ऐकत वाढलेला काशीतील भाचा. गळा ही ईश्वरी देणगी असेल, कान मात्र संस्काराने घडतो. आणि संस्काराचे स्थान घर हेच आहे.

आज कोणतेही गाणे भ्रमणध्वनीवर क्षणात मिळते. भीमसेनांना ज्यासाठी घर सोडावे लागले ते आपल्या खिशात आहे. तरीही घराघरांतील चित्र काय? मुलाला गाण्याच्या वर्गाला घालायचे, तीन महिन्यांत एक गाणे बसवून घ्यायचे, स्पर्धेत उभे करायचे आणि हरला तर वर्ग बंद करायचा. आईवडील स्वतः मात्र अर्धा तासही ऐकत नाहीत. ज्या घरात कुणी ऐकत नाही, तिथल्या मुलाने गावे कुणासाठी?

म्हणून एक लहानसा नेम सुचवतो. आठवड्यातून एक संध्याकाळ, केवळ अर्धा तास. दूरचित्रवाणी बंद, भ्रमणध्वनी बाजूला. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी एकत्र बसून एकच राग, एकाच कलावंताचा, पूर्ण ऐकावा. पहिल्या आठवड्यात भूप, पुढच्या आठवड्यात देशकार. समजले नाही तरी चालेल. मुलांना व्याख्यान देऊ नये. महिन्या-दोन महिन्यांनी एखादे पोर आपणहून म्हणेल, हे त्या दिवशीच्यासारखे वाटते, पण ते नव्हे. त्या क्षणी त्या घरात कानसेन जन्मला असे समजावे. कुटुंबप्रबोधनाच्या बैठकांतूनही या विषयाला जागा मिळावी. गावात मैफल असेल तर तिकीट काढून जावे, वेळेवर जावे आणि शेवटच्या भैरवीपर्यंत बसावे. घरच्या मंगलकार्यात शक्य असेल तर प्रत्यक्ष सनईवाल्यास बोलवावे, आणि त्याचे पान पंगतीत आपल्या शेजारी मांडावे. विष्णू दिगंबरांनी ज्या कारणाने मिरज सोडली, त्याचे परिमार्जन तिथून सुरू होईल.